गूजनेक हिच निवडण्याआधी मागच्या अ‍ॅक्सलचा हिशेब करा

पिकअप ट्रकसाठी गूजनेक हिच, म्हणजे हंसाच्या मानेसारखा पुढचा भाग असलेला ट्रेलर ओढण्यासाठी हौद्यात बसवायची गोळ्याची जोडणी, घ्यायची म्हटली की बहुतेक लोक प्रथम हिचवर लिहिलेली क्षमता पाहतात, आणि निवड चुकायला तिथूनच सुरुवात होते असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत मिळणाऱ्या नावाजलेल्या गूजनेक हिचची ओढण्याची क्षमता सर्रास ३०,००० पौंड, म्हणजे सुमारे १३,६०० किलो, आणि वरून येणारा भार पेलण्याची क्षमता ७,५०० पौंड, म्हणजे सुमारे ३,४०० किलो असते. हे आकडे त्या लोखंडाचे आहेत, गाडीचे नाहीत. गाडीचे पाटे, टायर आणि मागचा अ‍ॅक्सल किती भार घेऊ शकतात हे हिच बदलल्याने तसूभरही बदलत नाही.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत जड वाहनांच्या जोडणीचे सुटे भाग तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. माझा भाचा टेक्सासमध्ये घोडे पाळतो. घोड्यांसाठी गवताचे गठ्ठे आणायला त्याला गूजनेक ट्रेलर घ्यायचा होता आणि त्यासाठी कोणती हिच घ्यावी, असे त्याने मला विचारले. मी त्याला सांगितले की हिचचे नंतर पाहू, आधी ट्रकच्या दरवाजाचा फोटो पाठव.

तो फोटो कशासाठी, हे सांगण्याआधी गूजनेकची रचना समजून घेतली पाहिजे. गळीत हंगामात दौंड, बारामती, इंदापूर या भागात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके कशी हलकी होतात हे ठाऊक असेल. ट्रॉलीचा ओढा आणि तिच्या दांड्याचे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पडते, त्यामुळे मागची बाजू दबते आणि पुढची उचलली जाते. पिकअपच्या बंपरखाली बसवलेल्या साध्या हिचचाही दोष हाच आहे. गूजनेकमध्ये मात्र गोळा हौद्याच्या मध्यभागी, मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असतो. चाकणहून नव्या मोटारी घेऊन निघणाऱ्या लांब ट्रेलरची जोडणीही ट्रकच्या मागच्या चाकांच्या वर असते, त्यामागचे तत्त्व हेच आहे. भार अ‍ॅक्सलवर सरळ उतरतो, स्टिअरिंग हलके पडत नाही आणि वेगात ट्रेलर डोलण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

या सोयीची किंमत मात्र मागच्या अ‍ॅक्सलला मोजावी लागते. साध्या हिचवर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार येतो, तर गूजनेकच्या गोळ्यावर साधारण २० ते २५ टक्के भार येतो. हा सगळा भार ट्रकने स्वतःच्या अंगावर वाहायचा असल्यामुळे तो ट्रकच्या माल वाहण्याच्या क्षमतेतून वजा होतो. जाहिरातीत ओढण्याच्या क्षमतेचा मोठा आकडा ठळक छापतात, पण बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी ही दुसरी मर्यादा आड येते.

आता दरवाजाच्या फोटोकडे येतो. चालकाचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचे एक पांढरे स्टिकर दिसते, आणि त्यावर प्रवासी व सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त असू नये, असे लिहिलेले असते. माहितीपत्रकात त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या प्रकाराचा आकडा असू शकतो, स्टिकरवर मात्र त्याच गाडीचा असतो. भाच्याच्या पाऊण टन गटातल्या (हे गटाचे केवळ रूढ नाव आहे, खरी क्षमता नव्हे) ट्रकवर तो १,२०२ किलो होता. त्याच्या मनात ६,३५० किलो एकूण वजनाचा, दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर होता. त्याचे २० टक्के म्हणजे १,२७० किलो, म्हणजे ट्रकमध्ये एकही माणूस बसण्याआधीच मर्यादा ओलांडली जात होती. तोच ट्रेलर भरून ४,५३६ किलोंवर ठेवला, तर गोळ्यावर ९०७ किलो येतात, हिचचे स्वतःचे ६८ आणि दोन माणसांचे १५९ धरले, तर बेरीज ११३४ होते आणि अवजारांच्या पेटीला थोडी जागा उरते. ‘मामा, मग हिच कितीचीही घेतली तरी चालेल का?’ असे त्याने विचारले. चालणार नाही, कारण ट्रक, हिच, गोळा, ट्रेलरचा कपलर (गोळ्यावर बसणारा त्याचा भाग) आणि ट्रेलरचे अ‍ॅक्सल यांतल्या सर्वांत कमी क्षमतेच्या भागाचा आकडा हाच संपूर्ण जोडणीचा आकडा असतो.

हे ठरल्यानंतर हिचचा प्रकार निवडणे सोपे आहे. हौद्याच्या खाली चॅसिसला आडवे बीम बोल्टने पक्के करून, हौद्याच्या पत्र्याला सुमारे चार इंचांचे भोक पाडून त्यातून गोळा वर आणणारी हिच मला सर्वांत योग्य वाटते. ट्रेलर जोडलेला नसताना तिचा गोळा उलटा करून खाली घालता येतो आणि हौदा सपाट राहतो. अनेक नव्या मोठ्या ट्रकांना कारखान्यातच अशा जोडणीची बैठक दिलेली असते. ती असेल तर केवळ योग्य गोळ्याचा संच घ्यावा, वेगळे भोक पाडण्याच्या फंदात पडू नये. हौद्याच्या वर बसणारी हिच स्वस्त पडते, पण रोज सामान भरणाऱ्याला तिची अडचणच होते. फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे गोळ्याऐवजी सपाट चकतीवर टेकणाऱ्या जोडणीच्या, ट्रेलरला खाली लांब नळकांडे जोडून तो गूजनेकच्या गोळ्यावर बसवण्याचे अडॅप्टर मिळतात. त्यांच्याबाबत मी फार सावध आहे, कारण ओढा जितका खाली सरकतो तितकी त्याची तरफ वाढते आणि तो ताण ट्रेलरच्या पुढच्या सांगाड्यावर येतो. सांगाड्याच्या उत्पादकाने लेखी परवानगी दिली नसेल, तर ते घेऊ नयेत.

गूजनेकचा प्रचलित गोळा २ पूर्णांक ५/१६ इंच, म्हणजे ५८.७ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि फार जड कामासाठी ३ इंची गोळाही मिळतो. व्यास व क्षमता गोळ्यावरच कोरलेली असते, ती कपलरवरच्या आकड्याशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावी. ट्रेलर सपाट उभा असताना त्याचा पुढचा भाग आणि हौद्याच्या कडा यांत सुमारे सहा इंचांची मोकळी जागा हवी, नाही तर शेताच्या बांधावरून उतरताना ट्रेलर हौद्याच्या कडेवर टेकतो. आखूड हौद्याच्या ट्रकमध्ये काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेपर्यंत येऊ शकतो, म्हणून मोकळ्या मैदानात अगदी हळू वळवून आधी खात्री करून घ्यावी. वीजजोडणीचे सात पिनांचे सॉकेट हौद्याच्या आतल्या भिंतीवर असावे. सुरक्षा साखळ्यांसाठी हिचला पक्के कडे हवे, आणि ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी दोरी त्या साखळ्यांना न बांधता ट्रकलाच स्वतंत्रपणे अडकवावी.

बसवण्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. आपल्याकडे कोणत्याही गॅरेजमध्ये ‘वेल्डिंग मारून देतो’ असे सहज म्हटले जाते, पण आजच्या पिकअपच्या चॅसिसचे पोलाद उष्णतेने कमकुवत होऊ शकते, म्हणून उत्पादकाने दिलेल्या जागी, दिलेल्या प्रतीच्या बोल्टनेच हिच बसवली पाहिजे. होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारी करवत, चालवण्याआधी एक बारीक भोक पाडून गाडीखाली जाऊन पाहावे, कारण पत्र्याच्या लगेच खालून ब्रेकचे पाइप, इंधनाची नळी आणि वायरिंग गेलेले असू शकते. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावेत आणि सुरुवातीच्या काही खेपांनंतर पुन्हा तपासावेत.

पुण्यात कोणी आपल्या पिकअपला असे काही बसवण्याचा विचार करत असेल, तर आपल्याकडे ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदीत असलेल्या वाहनाच्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे आणि आरटीओत चौकशी करूनच पुढे जावे.

भाच्याने शेवटी हौद्याखालची, गोळा उलटा करता येणारी हिच घेतली आणि ट्रेलरवर गठ्ठ्यांचा एक थर कमी भरायचे मान्य केले. पहिल्या भरलेल्या खेपेला मी त्याला महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील वजनकाट्यावर जायला लावले, कारण तिथे पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दरवाजावर दिलेल्या त्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेच्या आत होता, पण अगदी काठावर होता. त्यामुळे पुढच्या खेपेपासून सर्वांत जड गठ्ठे ट्रेलरच्या नाकाशी न रचता त्याच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे रचायचे, आणि तसे केल्यावर गोळ्यावरचा भार २० टक्क्यांच्या फार खाली जात नाही ना, हे पुन्हा काट्यावर पाहायचे, असे आम्ही ठरवले आहे.