सुगरणीची ज्युरी

रविवार, श्रावण

दुपारभर विहिरीच्या कठड्यावर बसून काढली. वर बाभळीला सुगरणींचे खोपे लोंबतायत, त्यातले बरेच अर्धवट. सोबत भाचा होता. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे सध्या काहीही दिसलं की ‘हे डिझाइन म्हणायचं का’ यावर त्याची गाडी येते. खोप्याला त्याने साफ नापास केलं. म्हणे, आधी डोक्यात नकाशा लागतो मामा, पाखराला नुसतं उपजत येतं.

मी त्याला एका नराकडे बघत बसवलं. (विणकाम जवळजवळ सगळं नरच करतो.) उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची, टोक धरून उडायचं, की दोऱ्यासारखी पट्टी सुटून येते. खोप्याला लटकून तो ती पट्टी आत खुपसतो, पलीकडून ओढतो, पुन्हा आत. एकदा टोक निसटलं, तर गड्याने मान वाकडी करून ते दुसऱ्या बाजूने पकडलं. भाचा जरा गप्प झाला.

आधी उभं कडं, मग त्यावर छत. हेल्मेटसारखा आकार आला की काम थांबतं. मग माद्या येतात, आत शिरून बघतात. पसंत पडलं तर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी होते, नाहीतर ते घरटं तसंच राहतं आणि नर दुसरं सुरू करतो. सालीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला बसून हे सगळं टिपलं, १९३०च्या आसपास. हातात नोकरी नव्हती, त्याचा पक्षिशास्त्राला फायदाच झाला म्हणायचा.

‘म्हणजे आमची ज्युरीच की,’ भाचा म्हणाला. (ज्युरी म्हणजे त्यांच्या कॉलेजात परीक्षकांपुढे काम मांडणं.) ‘अर्धं मॉडेल घेऊन उभं राहायचं आणि मॅडमनी नाक मुरडलं की घरी.’

उपजत म्हणून हा विषय मिटवणं मला पटत नाही. निकोलस आणि एल्सी कोलियास या जोडप्याने आफ्रिकेतल्या सुगरणीच्या भाऊबंदांची पिल्लं वाढवली आणि काहींना विणायला गवत-पानं मिळूच दिली नाहीत. मोठेपणी त्यांना धड विणता येईना. म्हणजे हात बसावा लागतो. आणि नकाशाचंच म्हणाल, तर आमचा गोठा बांधणाऱ्या गवंड्याने कागदावर रेघ ओढली नव्हती. त्याला मात्र आपण कारागीर म्हणतो.

तरीही हात बसणं वेगळं आणि आपण काय केलं याचा मागाहून विचार करणं वेगळं. घरटं नाकारलं गेल्यावर नर नवं बांधतो, एवढ्यावरून ‘माझं कुठे चुकलं’ असं त्याच्या मनात येतं असं मी म्हणणार नाही. तो पुरावा शोधायचा तर खोप्यात नको, चोरीत शोधावा. अमेरिकेत स्क्रब जे नावाचा कावळ्याच्या कुळातला निळा पक्षी आहे. तो खाऊ लपवून ठेवतो आणि दुसऱ्यांचा पळवतो. निकोला क्लेटन आणि नेथन एमरी यांचा २००१ सालचा प्रयोग असा: लपवताना कुणी बघत होतं, तर ज्या पक्ष्यांनी स्वतः पूर्वी चोरी केली होती, ते मागाहून एकटे असताना येऊन खाऊ दुसऱ्या जागी हलवायचे. ज्यांनी कधी चोरी केली नव्हती, ते बहुतेक हलवायचेच नाहीत. चोराच्या मनात चांदणं!

माझ्या लेखी हे डिझाइनपेक्षा मोठं आहे. स्वतःचा अनुभव उलटा करून दुसऱ्याच्या डोक्यात बसवायचा, तोही उद्याच्या हिशेबाने. भाच्याचं अजून समाधान नाही. तो म्हणतो, सावध होणं म्हणजे विचार नव्हे, त्या पक्ष्याला चोरी केल्याचं वाईट वाटलं का ते सांगा. वाटलं असेल असं मलाही वाटत नाही. पण हाच निकष लावला तर गावातले निम्मे लोक बाद होतील, हे मी त्याला सांगितलं, आणि त्यावर तो चहा ठेवायला उठला.