डिस्क ब्रेक घरी बदलला, पण एअर निघता निघेना

जुन्या १५० सीसी पल्सरचा पुढचा ब्रेक बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून बदलला. डिस्क प्लेट, पॅड, स्टीलच्या जाळीचा होज पाइप आणि डॉट ४ ब्रेक ऑइल, सगळं सामान कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका फेरीत मिळालं. बसवायला दोन तास लागले. ऑइलमध्ये अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढण्यात मात्र अख्खा रविवार आणि पुढच्या शनिवारची संध्याकाळ गेली. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहून टाकतो.

आधी पैशांचं. मोठ्या डिस्कच्या नादी लागू नका. डिस्क मोठी झाली की कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बाहेर सरकवावा लागतो, त्याला वेगळं ब्रॅकेट लागतं, आणि कोणीतरी वेल्डिंग मारून दिलेल्या ब्रॅकेटवर पुढचा ब्रेक सोपवणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसऱ्या गाडीचा मोठा कॅलिपर जुन्याच मास्टर सिलिंडरवर (लिव्हरपाशी ऑइल ढकलणारा पंप) चढवला तर जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि लिव्हर मुठीपर्यंत येतो. मूळ मापाची डिस्क, चांगले पॅड आणि ताजं ऑइल एवढ्यात बराच फरक पडतो. होज त्यानंतर. जुना रबरी होज दाबाने फुगतो, बोटांचा जोर त्यातच मुरतो.

डिस्क बदलायची की नाही ते प्लेटच सांगते. किमान जाडी तिच्यावर कोरलेली असते. व्हर्नियर थेट लावाल तर फसाल, कारण काठाची न झिजलेली कड जाडी वाढवून दाखवते. जिथे पॅड घासतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा.

आता मूळ दुखणं. सगळं जोडलं, ऑइल भरलं, कॅलिपरवरच्या निपलला (हवा काढायचा पोकळ स्क्रू) फिश टँकची पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव आटा सैल करायचा, ऑइल गेलं की आवळायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. पंधरा-वीस वेळा केल्यावर नळीत एक बुडबुडा दिसेना. तरी लिव्हर ओल्या स्पंजसारखा. आणखी अर्धी बाटली ओतली, फरक शून्य. जवळच्या एका गॅरेजवाल्याने लिव्हर दोनदा दाबून पाहिला आणि ‘मास्टर सिलिंडर गेला, असेंब्ली टाका’ म्हणून मोकळा झाला.

असेंब्लीला पैसे घालण्याआधी एक मिनिट द्या. लिव्हर भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर कडक होत असेल आणि थोडं थांबून दाबल्यावर पुन्हा मऊ लागत असेल, तर बहुतेक हवा आहे. एकसारखा दाबून धरल्यावर तो हळूहळू मुठीकडे सरकत गेला आणि बाहेर कुठेच गळती नसली, तर मास्टरचं सील गेलंय. माझा सरकत नव्हता. म्हणजे हवाच.

पण हवा खाली नव्हतीच. ती वर, मास्टर सिलिंडरला होज जिथे मिळतो त्या बँजोपाशी (पोकळ बोल्टने आवळलेला, कडीसारखा जोड) अडकली होती. मी गाडी डबल स्टँडवर सरळ उभी केली होती. हँडल टोकाकडे उतरतं असल्याने मास्टरचं बँजोकडचं टोक सगळ्यात उंच येतं. बुडबुडा तिथे चढून बसतो आणि खालच्या निपलमधून कितीही ऑइल काढलं तरी तो हलत नाही. गाडी साइड स्टँडवर घेतली, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, तसं ते टोक खाली आलं. मग लिव्हर जेमतेम एक सेंटिमीटर, पुन्हा पुन्हा, आणि सोबत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बँजोवर टकटक. लिव्हर पूर्ण दाबला की रिझर्व्हॉयरच्या (मास्टरवरच्या ऑइलच्या डबीच्या) तळाचं बारीक भोक बंद होतं, त्यामुळे हवेला वाट राहत नाही. दाब हलकाच हवा. दोन मिनिटांत त्या भोकातून मोहरीएवढे बुडबुडे वर यायला लागले. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन दिवस!

तरीही थोडा मऊपणा उरला तर बँजोला फडकं गुंडाळा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट किंचित सैल करून लगेच आवळा, मग लिव्हर सोडा. शेवटी ट्यूबच्या पट्टीने लिव्हर मुठीला बांधून रात्रभर ठेवला आणि जोडांखाली टिश्यू पेपर लावले. सकाळी कागद कोरडे, लिव्हर दगड.

राहिलेलं सांगतो. होज घ्यायला जाताना जुना बँजो बोल्ट खिशात ठेवा. १० मिमीच्या बोल्टला १ आणि १.२५ मिमी असे दोन पिच (आट्यांमधलं अंतर) येतात. चुकीचा बोल्ट सुरुवातीला फिरतो, मग अडतो, आणि जोर लावला की कॅलिपरचे अॅल्युमिनियमचे आटे जातात. तांब्याचे वॉशर नवेच, दर बँजोला दोन. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. आपल्या मुंबईच्या खाऱ्या हवेत त्या पिना गंजून जाम होतात आणि एकच पॅड झिजतो, पॅड काढलेत तर तेही बघून घ्या. गेल्या पावसाळ्यात उघडलेली ऑइलची बाटली वापरू नका, हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. टाकीवर ओलं फडकं टाका, रंगावर थेंब पडला तर पुसत न बसता पाण्याने धुवा. काम चालू असताना रिझर्व्हॉयर रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरू.

आणि हे सगळं एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचं. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांना स्कॅनर जोडावा लागतो, तिथे वर्कशॉपच बरं.

नवे पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी, म्हणून पहाटे रिकाम्या सर्व्हिस रोडवर ४० च्या वेगावरून १० पर्यंत पंधरा-वीसदा ब्रेक मारले, मधे मधे डिस्क थंड होऊ दिली. विसाव्या वेळेला पकड आली.