राजांची झाडं तुटली, काटेरी झुडूप राहिलं

आयर्लंडमधल्या कुठल्याही भेटवस्तूंच्या दुकानात शिरलात की ‘केल्टिक वृक्ष-पंचांग’ हमखास दिसतं. वर्षाचे तेरा महिने, प्रत्येक महिन्याचं एक झाड आणि जन्मतारखेप्रमाणे तुमचा स्वभाव. ओकवाले खंबीर, विलोवाले हळवे. कपांवर, लॉकेटांवर, रुमालांवर तेच. हे सगळं ‘ड्रुइडांचं’, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांचं, ‘प्राचीन ज्ञान’ म्हणून विकलं जातं, पण ते विसाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीच्या कल्पनेतून पसरलेलं आहे. जुन्या आयरिश कागदपत्रांत असं पंचांग नाही. मला याचा राग येतो, कारण या देशात झाडांविषयी जे खरोखर मानलं गेलं आणि आजही मानलं जातं, ते या कपांवरच्या चित्रांपेक्षा कितीतरी खोल आणि विलक्षण आहे.

मे महिन्यात गेले होते ते त्यासाठीच. मे हा हॉथॉर्न, म्हणजे पांढऱ्या फुलांचं काटेरी झुडूप, फुलण्याचा महिना.

डब्लिनहून पहिल्यांदा तारा गाठलं. मीथ परगण्यातली ही गवताळ टेकडी म्हणजे आयर्लंडच्या महाराजांची जागा. वर उभं राहिलं की चारी बाजूंना हिरवी सपाटी दिसते, आणि पायाखाली पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी असतात. चर्चच्या बाजूला हॉथॉर्नची झाडं आहेत आणि त्यांच्या फांद्या चिंध्यांनी भरलेल्या आहेत. मूळ रिवाज असा: आजाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा फाडायचा, पवित्र विहिरीच्या पाण्यात बुडवून दुखऱ्या भागावरून फिरवायचा आणि विहिरीजवळच्या झाडाला बांधायचा. कापड कुजत जाईल तसं दुखणं ओसरत जाईल. म्हणजे कापड कुजणं हाच त्या उपायाचा गाभा. आज मात्र झाडावर नायलॉनच्या फिती, केसांचे रबर, चिप्सच्या पाकिटाची पट्टी, मास्कची दोरी असं काय काय लटकलं होतं. एक प्लास्टिकची फीत तर फांदीत इतकी रुतली होती की दोन्ही बाजूंनी साल फुगून तिच्यावर चढू पाहत होती. नवस बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार, पण झाडाला फास लागलाय. मी काहीच बांधलं नाही. तुम्ही गेलात तर तुम्हीही बांधू नका.

तिथून दक्षिणेला केरी परगणा. किलार्नीजवळ डनलोला रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या आत, आठ ओघम शिळा उभ्या आहेत. ओघम ही आयर्लंडची सगळ्यांत जुनी लिपी, साधारण चौथ्या ते सातव्या शतकातली. दगडाच्या धारेवर आडव्या-तिरप्या रेघा कोरलेल्या असतात आणि बहुतेक वेळा त्या खालून वर वाचायच्या असतात. मूळ अक्षरं वीस, पाच-पाचांचे चार गट. त्यातल्या काही अक्षरांची नावं झाडांची आहेत: बर्च, आल्डर, विलो, ओक, हेझल. सगळी वीस झाडांचीच, हे मागाहून मध्ययुगीन पंडितांनी बसवलं, आणि दुकानातल्या पंचांगाने त्याचाच आधार घेतलाय. दगडांवर प्रत्यक्षात काय कोरलंय? अमक्याचा मुलगा तमका. माणसांची नावं. मी एका शिळेच्या धारेवरून बोट फिरवत वर गेले. दगड खडबडीत, त्यावर करड्या-पिवळ्या दगडफुलाचे ठिपके, पण खाचा अजून नखाला लागतात.

किलार्नीतच मक्रॉस ॲबी आहे, 1448 साली स्थापन झालेला फ्रान्सिस्कन मठ. छप्पर केव्हाच गेलंय. मधल्या चौकात एक यू वृक्ष उभा आहे, खोड लालसर तपकिरी, पीळ पडल्यासारखं, आणि वरचा डेरा एवढा दाट की चौकात भर दुपारी सांजवेळ वाटते. मठाइतकंच जुनं हे झाड, असं लोक सांगतात. याची फांदी मोडणारा वर्षाच्या आत मरतो, अशीही जुनी समजूत. मठाची पडझड झाली, संन्यासी परागंदा झाले, झाडाला मात्र कुणी हात लावला नाही.

झाडांना इथे कायद्यातही मान होता, हे मला सगळ्यात आवडतं. आठव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या आयरिश कायद्यात झाडांचे चार वर्ग केलेत, प्रत्येकात सात झाडं. पहिल्या वर्गाला ‘वनातले सरदार’ म्हटलंय: ओक, हेझल, हॉली, यू, ॲश, पाइन आणि रानसफरचंद. दुसऱ्याच्या मालकीचं असं झाड तोडलं तर दंड दुभत्या गायींमध्ये मोजला जाई, आणि फांदी तोडली की बुंधा तोडला यावरून तो कमी-जास्त होई. मान का, तर उपयोग म्हणून. ओकची फळं डुकरांना आणि लाकूड मोठ्या कामांना, हेझलच्या बिया खायला आणि काटक्या कुडाच्या भिंती विणायला, ॲश भाल्याच्या दांड्याला. हेझलला तर पुराणकथेतही मोठी जागा. ज्ञानाच्या विहिरीभोवती नऊ हेझल, त्यांच्या बिया पाण्यात पडतात, एक सामन मासा त्या खातो आणि जगातलं सगळं ज्ञान त्याच्या अंगी येतं. गुरूसाठी तो मासा भाजताना शिष्य पोराचा अंगठा पोळतो, पोर अंगठा तोंडात घालतं आणि ज्ञान गुरूऐवजी त्याला मिळतं. तोच पुढचा थोर वीर फिन मॅककूल.

हॉथॉर्न या यादीत कुठे आहे? दुसऱ्या वर्गात, ‘वनातल्या सामान्यजनां’मध्ये. हे लक्षात ठेवा.

केरीहून वर क्लेअर परगण्यात आले. माझा मामेभाऊ लिमरिकला असतो, त्याच्याकडे मुक्काम होता. दादा तिथे बरीच वर्षं राहिलाय, पण मॉय आयरला कधी गेला नव्हता. “अगं, तिथे आहे तरी काय पाहायला?” असं म्हणत त्याने गाडी काढली, आणि क्विन गावापुढच्या अरुंद रस्त्यांवर, दोन्हीकडे पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेल्या कुंपणांमधून जाताना तोच जास्त रमला.

मॉय आयर म्हणजे खंदकाने वेढलेला, वरून सपाट, गवताळ उंचवटा. जवळून ओढा वाहतो. बस, एवढंच. पण डाल गॅश घराण्याच्या राजांचा राज्याभिषेक इथे होत असे. पुढे आयर्लंडचा महाराजा झालेला ब्रायन बोरू त्याच घराण्यातला. अशा अनेक अभिषेकस्थळी एक पवित्र महावृक्ष असे, त्याला ‘बिले’ म्हणत. राजा त्याच्या छायेत राजा व्हायचा. झाड म्हणजे कुळ, वंश, राज्याची मुळं. म्हणून शत्रूला राजाचा पुरता अपमान करायचा असला की तो झाडावर यायचा. 982 साली मीथचा राजा मालाखी, म्हणजे आयर्लंडचा महाराजाच, फौज घेऊन इथे आला आणि त्याने मॉय आयरचं झाड तोडलं. नुसतं तोडलं नाही, मुळांसकट उपटून काढलं, अशी नोंद इतिवृत्तांत आहे. पुढे इथे पुन्हा झाड वाढलं. 1051 मध्ये पश्चिमेकडच्या कोनाख्ट प्रांताच्या राजाने तेही पाडलं. उत्तरेत तर याची फेडाफेड चाले: 1099 मध्ये एका कुळाने अलस्टरवाल्यांचा वृक्ष तोडला, 1111 मध्ये अलस्टरवाल्यांनी जाऊन त्या कुळाची झाडं तोडली.

दादा उंचवट्यावर चढून म्हणाला, “म्हणजे देवळाचा कळस पाडण्यासारखंच की.” मला वाटतं त्याहून जास्त. कळस पुन्हा बांधता येतो, तर तेवढं झाड वाढायला पिढ्या जातात.

राजांच्या वृक्षांचं असं झालं, आणि सरदार-वृक्षांचं पुढे याहून वाईट झालं. शेतीसाठी, जहाजांसाठी, पिंपांसाठी, लोखंड गाळायच्या कोळशासाठी आयर्लंडची रानं तुटत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगल जेमतेम एक टक्का जमिनीवर उरलं होतं. आज ते अकरा टक्क्यांच्या वर गेलंय, पण त्यात मोठा वाटा उत्तर अमेरिकेतून आणलेल्या सिटका स्प्रूसच्या लागवडीचा. डेरी शहराचं नाव ओकच्या राईवरून, किल्डेअरचं ओकखालच्या चर्चवरून. नावं आहेत, राई गेल्या. आणि 2012 मध्ये ॲशवर बुरशीचा रोग आला. त्या रस्त्यांवर पांढऱ्या हॉथॉर्नच्या डोक्यावर मे महिन्यातही निष्पर्ण, वाळक्या शेंड्यांचे ॲश जागोजागी दिसत होते.

हॉथॉर्न मात्र आहे. कुंपणाला तर आहेच, पण मी म्हणतेय तो एकटा हॉथॉर्न, भर शेतात, कुणी न लावलेला. तो ‘त्यांचा’ असतो. ‘ते’ म्हणजे परीकथेतल्या पंखवाल्या नाजूक पऱ्या नव्हेत. हे जमिनीखाली गेलेले जुने देवलोक: मानी, रागीट, माणसासारखेच लढणारे, नाचणारे. थेट नाव न घेता लोक त्यांना ‘गुड पीपल’ म्हणतात. देशभर विखुरलेले जुने गोल मातीचे कोट, सुमारे 45,000, हेही त्यांचेच मानले जातात. 1937 ते 1939 मध्ये आयर्लंडच्या शाळकरी मुलांकडून आजी-आजोबांच्या गोष्टी लिहवून घेतल्या गेल्या. हा खजिना आता इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. त्यात एकट्या झुडपाच्या गोष्टी भरपूर. कुणी ते तोडायला गेला, हात सुजला. कुणाचं तोंड वाकडं झालं, कुणाची गाय गेली. आमच्याकडे कोकणात देवराईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही म्हणतात, त्याच जातीचा हा धाक.

मॉय आयरहून परतताना एका शेतात असं झुडूप दिसलं. गवताची पहिली कापणी नुकतीच झाली होती, सगळं शेत फिकट पिवळं, आणि मधोमध हॉथॉर्नभोवती उंच गवताचं हिरवं वर्तुळ. फाटकाशी शेतकरी आजोबा होते. मी विचारलं, झाडाच्या जवळून का कापत नाही? ते म्हणाले, वडील ट्रॅक्टर तिथून वळवायचे, म्हणून मीही वळवतो. मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं की नवं यंत्र जुन्यापेक्षा रुंद आहे, त्यामुळे वळण मोठं घ्यावं लागतं आणि वडिलांच्या वेळेपेक्षा आता जास्त गवत सुटतं. त्याबद्दल त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आत जाऊन पाहू का विचारल्यावर म्हणाले, पाहा, पण फूल तोडू नका आणि घरात तर मुळीच नेऊ नका.

जवळ गेल्यावर कारण नाकालाच कळतं. पाच पाकळ्यांची पांढरी फुलं, आत गुलाबी टोकांचे केसर, फांदीवर बोटाच्या पेराएवढे काटे. वास आधी गोड येतो आणि मागून त्यात कुजल्याची छटा येते. फुलात खरोखरच एक रसायन असतं, तेच जे मृत शरीर कुजताना तयार होतं. प्रेत घरात ठेवायच्या काळातल्या लोकांना तो वास ओळखीचा होता. हॉथॉर्न घरात आणला की मरण येतं, ही समजूत त्यातूनच आली असावी, असं मला तिथे उभं राहून पटलं.

मग लटून. मॉय आयरपासून गाडीने अगदी थोड्या वेळाचा रस्ता, न्यूमार्केट-ऑन-फर्गसजवळ. 1999 मध्ये इथे नवा महामार्ग येत होता आणि वाटेत एक हॉथॉर्न होता. एडी लेनिहन हे क्लेअरचे नामांकित कथेकरी पुढे आले. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताचे ‘ते’ लोक कोनाख्टवाल्यांशी लढायला निघताना याच झुडपापाशी जमतात, हे त्यांनी जुन्या माणसांकडून ऐकलेलं. झुडूप पाडलं तर या रस्त्यावर अपघात होतील, असं त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीरपणे लिहिलं. बातमी परदेशी वृत्तपत्रांपर्यंत गेली. शेवटी परगण्याच्या अधिकाऱ्यांनी झुडूप वाचवून रस्त्याची आखणी केली. 2002 मध्ये कुणीतरी रात्री करवत चालवून त्याच्या फांद्या छाटल्या. खोड तेवढं राहिलं, आणि झुडपाला पुन्हा फुटवा आला.

महामार्गावर गाडी थांबवता येत नाही, म्हणून आम्ही पुढच्या फाट्यावरून वळून सावकाश परत आलो. लाकडी कुंपणाच्या आत, ट्रकच्या वाऱ्याने हलणारं, फार तर दीड-दोन माणूस उंचीचं झुडूप. दादा त्याच रस्त्याने कितीदा गेलाय, त्याने ते आजवर पाहिलं नव्हतं. “याच्यासाठी हायवे?” तो म्हणाला. हो, याच्यासाठीच. महाराजाच्या फौजेपुढे अभिषेकाचा वृक्ष टिकला नाही, कायद्याने गायींचा दंड लावूनही ओक टिकले नाहीत. ज्याच्या लाकडाची कुणाला फारशी हाव नव्हती, पण ज्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, ते टिकलं. मक्रॉसच्या यूचीही हीच गोष्ट. धाकाला आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो, मीही म्हणत आले. या दौऱ्यानंतर तसं म्हणण्याआधी मी थांबेन.

जायचं असेल तर मेच्या मध्यापासून अखेरपर्यंत जा. मॉय आयरला छोट्या ग्रामीण रस्त्यांनी जावं लागतं, भोवती शेतं आणि गुरं असतात, फाटक मागे लावून घ्या. लटूनचं झुडूप गाडीतूनच पाहायचं, उतरायचा मोह नको. तारा टेकडीवर सकाळी लवकर पोचलात तर गर्दी नसते.