इशारा न देता संपलेला मागचा शॉक

इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन (बटणाने मऊ-कडक करता येणारी, धक्के शोषणारी यंत्रणा) असलेल्या मोटारसायकलचा मागचा शॉक, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, झिजला की पडद्यावर काहीतरी इशारा येईल, असे मी धरून चाललो होतो आणि त्या समजुतीपायी माझा सहा दिवसांचा प्रवास व बरेचसे पैसे वाया गेले. पहिले चार दिवस चांगल्या डांबरी रस्त्याचे होते. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पाचव्या दिवशी दुपारी 40 किलोमीटरचा कच्चा टप्पा लागला. त्याचा पृष्ठभाग पन्हाळी पत्र्यासारखा होता आणि मोटारसायकलवर मी, मागे पत्नी व दोन्ही बाजूंना भरलेल्या पेट्या होत्या.

पहिले 10 किलोमीटर ठीक गेले. त्यानंतर मागची बाजू प्रत्येक उंचवट्यानंतर एकदा बसून स्थिर होण्याऐवजी तीन-तीन वेळा झुलू लागली आणि वळणावर चाक बाहेर सरकते आहे असे वाटू लागले. मी बटण दाबून मोड सर्वांत कडक केला, तेव्हा दोन-तीन किलोमीटर जरा बरे वाटले. पुढे मात्र मऊ आणि कडक यांत काहीच फरक उरला नाही. ब्रेक लावताना खडबडीत जागी मागचे चाक जमीन सोडत असे, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मधे पडत असे आणि थांबायला अंतर जास्त लागत असे. उरलेले अंतर आम्ही ताशी 20 च्या वेगाने कापले, आणि त्या संध्याकाळी मी मोटारसायकल विकून टाकण्याच्या विचारात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मोटारसायकल अगदी शहाण्यासारखी वागली, आणि खरी फसवणूक इथेच आहे. शॉकचे काम म्हणजे चाकाच्या हालचालीची उष्णता करणे. तेल तापून पातळ होते, पिस्टनवरची रिंग झिजली असेल तर ते झडपांतून जाण्याऐवजी कडेने निसटते, आणि शॉकमध्ये भरलेल्या नायट्रोजन वायूचा दाब उतरला असेल तर तेलाचा फेस होतो. इलेक्ट्रॉनिक झडप तेलाची वाट अरुंद करू शकते, पण त्या वाटेने फेसच जात असेल तर ती कितीही आवळून उपयोग नाही. नियंत्रकाला झडपेच्या कॉइलमधला विद्युतप्रवाह आणि सेन्सरचे संकेत कळतात. तेल जळले आहे की वायू उडून गेला आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून दिवा लागत नाही. उलट झडप आवळत राहिल्यामुळे झीज बराच काळ झाकली जाते आणि एका तापलेल्या दुपारी सगळे एकदम उघडे पडते.

पहिल्या वर्कशॉपमध्ये संगणक जोडला गेला, दोष सापडला नाही, थंड मोटारसायकलची सीट दोनदा दाबून पाहण्यात आली आणि ‘सामान जास्त आहे, प्रीलोड वाढवा’ असा निकाल मिळाला. हा सल्ला कोणी दिला तर तिथून निघावे. प्रीलोडने (स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याने) उंची सावरते, डॅम्पिंग (झुलणे शमवण्याची ताकद) वाढत नाही. आणि डॅम्पिंग संपलेले असताना स्प्रिंग आणखी दाबून ठेवली तर ती मागची बाजू अधिक जोराने वर फेकते. शिवाय त्यांनी लिंकेजची (शॉकला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांची) बेअरिंग बदलून त्यांचे पैसे लावले. जुनी बेअरिंग मी मागून घेतली. ती हातात लोण्यासारखी फिरत होती. दुसऱ्या ठिकाणी ‘इलेक्ट्रॉनिक शॉक उघडत नाही, पूर्ण नवा घ्यावा लागेल’ असे सांगण्यात आले. हे निखालस खोटे आहे. कंपनी सुटे भाग विकत नाही आणि शॉक उघडता येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा मनुष्य फक्त शॉकचेच काम करणारा होता. त्याने आधी टेप लावून मोजमाप घेतले : चाक पूर्ण लोंबकळत असताना, आणि मग आम्ही दोघे सामानासह बसल्यावर. चाक वरखाली होण्याच्या एकूण अंतराचा साधारण तिसरा हिस्सा खाली बसत होता, म्हणजे स्प्रिंग शाबूत होती. मग त्याने शॉकचा दांडा पुसून मला मोटारसायकल अर्धा तास खडबडीत रस्त्यावर फिरवून आणायला लावली. परतलो तेव्हा दांड्यावर नुसता ओलावा नव्हता, तेलाचा ओघळ होता. मागच्या टायरवर लाटांसारखी झीज होती, ती मला कित्येक आठवडे दिसत होती आणि मी ती हवेच्या दाबावर ढकलली होती.

शॉक काढण्यापूर्वी प्रीलोड सर्वांत कमी करून इग्निशन बंद केले, बॅटरीची तार सोडली आणि कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजून लिहून ठेवला. जोडणीनंतर तोच आकडा यायला हवा. शॉक उघडल्यावर निघालेले तेल करडे, जळक्या वासाचे होते आणि वायूचा दाब जवळजवळ शून्य होता. दांडा सरळ होता, त्यामुळे ऑइल सील, डस्ट सील, बुश, ओ-रिंग आणि पिस्टनची रिंग एवढ्यावर भागले. कारखान्यातून तो बंद स्वरूपात आला असल्याने वायू भरायला त्यावर नवी झडप बसवावी लागली. हे काम घरी करू नये, कारण दाबाखालचा शॉक उघडणे जिवावर बेतू शकते, आणि स्प्रिंग दाबायलाही योग्य साधन लागते. तेल निर्वात पद्धतीने भरतात का, हे आवर्जून विचारावे. हातानेच हलवून बुडबुडे काढणाऱ्याकडे काम देऊ नये. नायट्रोजनऐवजी कॉम्प्रेसरची हवा भरणाऱ्याकडे तर मुळीच नको, कारण त्या हवेत बाष्प असते.

बसवताना कॉइलची तार पिळली जाणार नाही, याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्यावे. उंची मोजणाऱ्या सेन्सरचा दांडा निघण्यापूर्वी खुणेने आखून ठेवावा; तो एक दात सरकून बसला तर यंत्रणा चुकीच्या उंचीवर विश्वास ठेवते आणि आपण पुन्हा शॉकलाच दोष देत बसतो. शेवटी संगणक जोडून प्रीलोडचे शून्यस्थान पुन्हा ओळखवून घ्यावे. माझ्या बिलात तेल आणि ‘ऑइल सर्व्हिस’ अशा दोन वेगळ्या रकमा होत्या. विचारल्यावर एक निमूटपणे खोडली गेली. जुने सील आणि रिंग परत मागण्याची सवय ठेवावी.

त्यानंतर मी मुद्दाम त्याच 40 किलोमीटरवर, भर दुपारी, तेवढ्याच सामानासह गेलो. मऊ आणि कडक मोडमधला फरक शेवटच्या किलोमीटरपर्यंत स्पष्ट जाणवत होता, आणि पत्नी मागून एकदाही ‘हळू’ म्हणाली नाही. त्या आनंदात मी कोणालाही दर 10,000 किलोमीटरला शॉक उघडायला सांगेन, तेव्हा माझे तेवढे मनावर घेऊ नये. स्वतःपुरते मी 30,000 ठरवले आहे आणि सामानासह कच्च्या रस्त्यांचे एक मोठे वर्ष गेले तर त्याच्या निम्मे. दुरुस्तीची तारीख आणि किलोमीटर सीटखाली चिकटपट्टीवर लिहिले आहेत, कारण पडद्यावर ते कधीच दिसणार नाहीत.