डोंगळ्याच्या कळीत आठ जोड्या

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिसलं एकदाचं. रूमवर आल्यापासून तेच डोळ्यासमोर आहे, मेसमध्ये काय जेवले तेही आठवत नाही, म्हणून म्हटलं झोपायच्या आधी लिहून ठेवावं.

झालं असं की एस.वाय.ला आम्हाला मिओसिसचं, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाचं, प्रॅक्टिकल आहे आणि त्याला फुलाच्या कळ्या लागतात, मुळं चालत नाहीत, कारण हे विभाजन परागकण तयार होताना परागकोशात होतं, मुळात नाही. मॅडम म्हणाल्या कांद्याच्या कळ्या मिळाल्या तर उत्तम, आणि मी पटकन बोलून गेले की मॅडम आमच्या घरी डोंगळे आहेत. निम्म्या बॅचला डोंगळे म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग मीच सांगितलं, की बियासाठी चांगले निवडलेले कांदे परत जमिनीत लावतात, त्यांना कमरेएवढे पोकळ दांडे येतात, वर पांढरा गोंडा, त्यात काळं बी, आणि त्या बियाचंच पुढं रोपांसाठी उळं टाकायचं. फळ्यासमोर उभं राहून बॅचला काहीतरी शिकवायची ही माझी पहिलीच वेळ, आणि ते आमच्या वावरातलं होतं, याचं फार बरं वाटलं.

आमचं गाव निफाड तालुक्यात, कांदा लासलगावला जातो. रविवारी घरी गेले तेव्हा मॅडमनी छोट्या बाटलीत फिक्सेटिव्ह दिलं होतं, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, कळी तोडली की लगेच त्यात टाकायची म्हणजे पेशी ज्या अवस्थेत असेल तशीच थांबते. सकाळी नऊला अण्णांबरोबर डोंगळ्यात गेले. अण्णा म्हणाले, "उमललेली घे की, त्या बारक्या कशाला नेती?" त्यांना सांगितलं की उमललेल्या फुलात परागकण आधीच तयार झालेले असतात, मला ते होण्याच्या आधीचं पाहिजे. मग ते स्वतःच वाकून वाकून असे गोंडे शोधायला लागले ज्यांचं पातळ कागदासारखं आवरण नुकतंच फाटलंय. एका गोंड्यात शेकड्यानं कळ्या असतात आणि सगळ्या एका वयाच्या नसतात, हे त्यांना पुस्तक न वाचता माहीत होतं. बाटलीचं झाकण उघडलं की व्हिनेगरचा नाकात जाणारा वास यायचा आणि ते दर वेळी मान मागे घ्यायचे.

सोमवारपासून रोज प्रॅक्टिकल संपल्यावर परवानगी घेऊन लॅबमध्ये थांबत होते. कळी फोडायची, परागकोश काढायचे, पिवळे झालेले असले तर बाजूला, पांढुरके अर्धपारदर्शक असले तर स्लाइडवर. त्यावर ॲसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब टाकून लोखंडी सुईनं चिरडायचं. सुई मुद्दाम लोखंडाची घेतात, तिचं लोह जरासं रंगात उतरतं आणि रंग गुणसूत्रांवर चांगला बसतो, हे मॅनुअलमध्ये नव्हतं, लॅबच्या काकांनी सांगितलं. मग कव्हर स्लिप, वर टिपकागद, अंगठ्यानं सरळ दाबायचं, जरा सरकलं तर सगळं गुंडाळतं. सोमवारी नुसते परागकण दिसले. मंगळवारी काहीच नाही, बुधवारी टेट्राड, म्हणजे चार चार पेशी एकत्र चिकटलेल्या, म्हणजे होऊन गेलेलं होतं सगळं. आज सगळ्यात लहान कळ्या घेतल्या, मायक्रोस्कोपच्या पंचेचाळीसच्या लेन्सवर आणलं, बारीक फोकस फिरवला आणि एका गोल पेशीच्या मधोमध गडद लालसर ठिपके, एका रेषेत. मोजले. आठ. परत मोजले. प्रत्येक ठिपका म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना धरून, आठ जोड्या, सोळा गुणसूत्रं. हात थरथरत होता म्हणून मोबाइल आयपीसवर धरायला मैत्रिणीला लावला.

मला एफ.वाय.चं आठवलं. तेव्हा मिटोसिससाठी, म्हणजे साध्या पेशीविभाजनासाठी, घरच्या कांदाचाळीतलाच एक कांदा आणून ग्लासवर ठेवला होता, पाण्यात पांढरी शुभ्र मुळं आली, आणि मी स्लाइड केली तर नुसती गोल गोल केंद्रकं, विभाजन होणारी पेशी एकही नाही. मी मुळाचं टोक सोडून वरचा भाग घेतला होता. विभाजन होतं ते टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच, त्याच्या वर पेशी फक्त लांब होतात. त्या दिवशी जर्नलमध्ये पुस्तकातली आकृती काढून सही घेतली, आणि मला ती सही आजही खुपते, कारण मी न बघितलेलं बघितलं म्हणून लिहिलं होतं. तो ग्लास नंतर आठ दिवस खिडकीत ठेवून टोकं कापत राहिले तेव्हा कुठं दिसलं.

तेव्हा आणखी एक त्रास होता, भाषेचा. दहावीपर्यंत मराठी मिडीयम, अकरावीपासून सगळं इंग्लिश, आणि प्रोफेज मेटाफेज ॲनाफेज टेलोफेज हे मी मंत्रासारखं पाठ केलेलं. मग एका रात्री दहावीचं जुनं पुस्तक काढलं, त्यात सूत्री विभाजन, पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. आणि नंतर वाचलं की 1882 साली वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं मिटोसिस हे नाव दिलं ते ग्रीक मितोस वरून, म्हणजे सूत, धागा. त्याला सॅलॅमँडरच्या पेशीत धागे दिसले म्हणून. आपल्याकडे ज्यानं कोणी सूत्री हा शब्द केला त्यानंही सूतच धरलं. दोन्ही भाषांत एकच गोष्ट बघितलेली आहे हे कळल्यावर माझी भीती बरीच गेली, आता मी डोक्यात मराठीत बघते आणि पेपरात इंग्लिशमध्ये लिहिते.

बॉटनी घेतली तेव्हा घरच्या कार्यात एकानं सगळ्यांसमोर विचारलं होतं की झाडापाल्याचं शिकून पुढं काय. मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज देता आलं असतं. माणसात 46 गुणसूत्रं असतात हे आता शाळेतलं पोरगंही सांगतं, पण 1955 पर्यंत पुस्तकांत 48 लिहिलेलं असायचं. ते बरोबर मोजलं स्वीडनमधल्या लुंडला जो हिन चियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी, 1956 ला छापून आलं, आणि दोघंही वनस्पतींची गुणसूत्रं बघण्यात मुरलेले. लेव्हान यांनी तर 1938 मध्ये कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचं, म्हणजे पेशीविभाजन मध्येच थांबवणाऱ्या रसायनाचं, काम केलेलं. पेशी दाबून चपटी करायची, गुणसूत्रं सुटी करायची आणि मोजायची, हा हात झाडांवर बसलेला होता. मला हे फार मोठं वाटतं. कांद्याची गुणसूत्रं लांब आणि जाड असतात म्हणून शिकायला सोपी, आणि त्याचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, माणसाच्या साधारण पाचपट आहे, चाळीत पडलेल्या गोल्टीचा, म्हणजे बारक्या कांद्याचा सुद्धा.

लासलगावचं कृषक केंद्र लहानपणापासून एसटीतून बघत आलेय, कांद्यावर किरणं सोडतात एवढंच माहीत होतं. ते भाभा अणुसंशोधन केंद्रानं 2002 साली उभारलेलं. कोबाल्ट-60 ची गॅमा किरणं कांद्याच्या बुडाजवळच्या वाढणाऱ्या पेशींचा डीएनए तोडतात, पेशी विभागत नाहीत, म्हणून कोंब येत नाही, आणि कांदा किरणोत्सारी होत नाही. चाळीत कोंब आला की गोणीमागे किती नुकसान होतं ते आम्ही घरात बघितलंय, आई मोड आलेले कांदे निवडत दिवस दिवस बसते. म्हणजे मी लेन्सखाली जे शोधतेय तेच थांबवायला ते केंद्र बांधलंय.

संध्याकाळी फोटो अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला. लगेच फोन. "हे आपले डोंगळे?" म्हटलं हो, विहिरीकडच्या वाफ्यातले. मग म्हणाले, "मागं तू सोळा म्हणाली होती, परागकणात किती जातात?" म्हटलं आठ, प्रत्येक जोडीतलं एक, मग मधमाशी दुसऱ्या गोंड्यावरून परागकण आणते, त्यातले आठ आणि बीजांडातले आठ मिळून बियात परत सोळा. ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मागं मोटारीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "म्हणजे परसाल आपल्या उन्हाळ बियात भेसळ निघाली, ते आठ बांधापलीकडच्या लाल डोंगळ्याचे होते."

म्हटलं हो अण्णा, तेच.

"मग त्या बांधाकडच्या पण कळ्या घेऊन जा," म्हणाले. "रविवारी ये. बाटली मोठी आण."