तुम्ही विचारलंत म्हणून: आबांनी लढाईत काय केलं?

आमच्या बाहेरच्या खोलीत आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, वर्दीतला फोटो आहे आणि त्याखाली दोन पदकं, संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार. दोन्ही १९७१ची. पाहुणे तिथं थांबतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "किती जण मारले असतील हो त्यांनी?" मी शाळेत शिकवते. तिथंही दर २६ जानेवारीला एखादं पोर हेच विचारतं. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी सगळं सांगते.

आबांनी कुणाला मारलं नाही. ते ईएमईत होते, फौजेच्या गाड्या दुरुस्त करायचे. एवढं ऐकलं की लोक "असं होय, मेकॅनिक होय" म्हणतात आणि विषय बदलतात. ते मला फार लागतं.

खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू रानातून आबा १९६७ साली भरती झाले. वय अठरा. ट्रेनिंग सिकंदराबादला. 'कर्म ही धर्म' हे ईएमईचं बोधवाक्य आजही त्यांच्या काळ्या ट्रंकेच्या झाकणावर आतून रंगवलेलं आहे. १९७१च्या डिसेंबरात ते पंजाबात एका पलटणीसोबतच्या एलएडीत होते. एलएडी म्हणजे पलटणीबरोबर फिरणारी मेकॅनिकांची छोटी तुकडी. पलटण जिथं जाईल तिथं तीही.

एका रात्री दारूगोळा भरलेली शक्तिमान, म्हणजे फौजेची ट्रकगाडी, वाटेतच बंद पडली. डिझेलच्या लायनीत हवा शिरली होती. अशा वेळी पंपाचा ब्लीडिंगचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा असतो. आधी फेसाळ डिझेल येतं, बुडबुडे संपले की स्क्रू आवळायचा. उजेडात पाच-दहा मिनिटांचं काम. पण ब्लॅकआऊट होता, बॅटरी लावायची सोय नव्हती. आबांनी स्क्रूच्या तोंडाशी बोट धरलं. फेस बोटाला हलका लागतो, चुरचुरतो. निव्वळ डिझेल गार आणि भरीव लागतं. बोटाला तो भरीवपणा लागला तेव्हा त्यांनी स्क्रू आवळला आणि ड्रायव्हरला खूण केली. उजाडायच्या आत गाडी पुढं पोचली.

"आपली गाडी थांबली की फुडची मानसं रिकाम्या बंदुका घिऊन बसत्यात," आबा म्हणतात. त्यांच्या तोंडून लढाईबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य हेच.

पुढच्या वर्षी ते सुट्टीवर आले तर गावात १९७२चा दुष्काळ. विहिरीचा तळ उघडा पडलेला. आई थोरल्या भावाला झाडाखाली झोळीत टाकून दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनवर लाल मिलो मिळायचा, कामावर सुकडी. ट्रंक घरात ठेवून आबा तसेच कामावर गेले आणि आईच्या हातातला हातोडा त्यांनी घेतला. अख्ख्या सुट्टीत तिला परत धरू दिला नाही. फौजी माणूस खडी फोडतोय म्हणून लोक बघायला यायचे, असं आई सांगते. हे सांगताना तिचा चेहरा जसा होतो तसा पदकांकडं बघताना कधी होत नाही.

१९८६चा हिवाळा लेहमध्ये गेला. त्या थंडीत डिझेल मेणासारखं धरतं, बॅटरीत जीव राहत नाही, म्हणून रात्री उठून उठून इंजिनं चालू करून ठेवायची. उघडं लोखंड हाताला चिकटतं. हातमोजे घालून बारीक नट धरता येत नाही, म्हणून आबा मोजे काढायचे. त्या हिवाळ्यात उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली ती कायमची. पंजाबात ज्या बोटानं डिझेल ओळखलं, ते त्यातलंच एक.

घरच्या पत्रात यातलं काही नव्हतं. ५६ एपीओ या फौजेच्या टपालाच्या पत्त्यावरून येणाऱ्या आंतरदेशीय पत्रात सायकलच्या चेनीला तेल द्या, आईच्या चपलेचा अंगठा शिवून घ्या, पोरीचं पाटीदप्तर बघा, एवढंच असायचं. फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी तेल, पाणी, पट्टा, टायर बघतात, त्याला फर्स्ट परेड म्हणतात. आबा आमची फर्स्ट परेड पत्रातून करायचे.

१९९१ला हवालदार म्हणून ते घरी आले. पुसेगावात सातारा-पंढरपूर रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. बोटांनी साथ सोडली होती, म्हणून कानानं काम करायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला. आतली बेअरिंग वाजतेय की टॅपेट, ते त्यांना आवाजावरून कळायचं. आषाढात माउलींची पालखी फलटणला आली की हत्यारांची पेटी घेऊन ते तळावर जायचे. दिंड्यांचं सामान वाहणारे ट्रक, पाण्याचे टँकर रात्रभर दुरुस्त करायचे. मजुरी घेतली नाही. पायी वारी त्यांनी कधीच केली नाही, पण मी त्यांना वारकरीच मानते.

२०११ला आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. उठवून बसवायला कुणीतरी लागायचं आणि प्रत्येक वेळी हाक मारताना तिला संकोच व्हायचा. आबा दोन दिवस गॅरेजात काहीतरी ठोकत बसले. तिसऱ्या दिवशी कॉटच्या वर तुळईला एक कप्पी टांगली, तिच्यात सुती दोर, दोराला लाकडी मूठ. मुठीची धार हाताला लागू नये म्हणून काचकागद मारून मारून गुळगुळीत केलेली. आईनं डाव्या हातानं ओढलं आणि आपली आपण उठून बसली. आबा दाराकडं तोंड करून उभे राहिले, बराच वेळ.

कप्पी अजून तिथंच आहे. आबा दर महिन्याला तिला तेल देतात. सकाळी चहा आला की आई दोर ओढून उठते, आबांचा कप आधी आपल्या डाव्या हातात घेते. आबांच्या बोटांना चटका कळत नाही, दोनदा भाजलंय. ती कप धरून बसते, निवल्यासारखा वाटला की म्हणते, "हं, घ्या आता."