तुम्ही विचारलंत म्हणून : "व्हर्च्युअल स्कूलला घालू का?"

जुलै लागला की मला तीन-चार फोन ठरलेले असतात. कधी मंडळातली कोणीतरी, कधी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कोणाची तरी बायको, कधी नुकतेच न्यू जर्सीहून इकडे फ्लोरिडात टॅम्पाला आलेले नवीन लोक. आधी इकडचं तिकडचं होतं, यंदा गणपतीला हॉल कुठला, मोदक कोण करणार, आणि मग हळूच, "अहो तुमच्या मुलीला तुम्ही व्हर्च्युअलला घातलं होतंत ना? कसं असतं ते? आमच्याला घालावं का?"

हो, घातलं होतं व्हर्च्युअल स्कूलला, म्हणजे घरी बसून ऑनलाइन शिकायच्या शाळेला. थोरली सातवीत असताना एक अख्खं वर्ष. आणि नंतर दोघांनीही सुट्टीत एकेक कोर्स असा केला. फोनवर मी दर वेळी तेच तेच सांगते आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहतं, म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढते.

पहिली गोष्ट, कोविडमध्ये जे झालं ते डोक्यातून काढून टाका. ते व्हर्च्युअल स्कूल नव्हतं, ती झूमवरची शाळा होती. 2020 च्या जुलैमध्ये इथल्या राज्य सरकारने ऑर्डर काढली की शाळा आठवड्याचे पाच दिवस उघडायच्याच, पण ज्यांना नको त्यांच्यासाठी डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या सरकारी खात्याने, दुसरी सोय ठेवली, म्हणजे मूल घरी बसून त्याच्याच वर्गाचा तास लॅपटॉपवर बघणार. थोरली तेव्हा सहावीत. बिचारी टीचर अर्ध्या वर्गाशी मास्कमधून बोलायची आणि अर्ध्या वर्गाशी स्क्रीनमधून, आणि आमची कॅमेरा बंद करून मांजरीशी खेळायची. पुढच्या वर्षी ती सोय गेली. मग उरलं ते खरं व्हर्च्युअल स्कूल, जे फ्लोरिडात कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे, 1997 पासून. फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल, सगळे एफएलव्हीएस म्हणतात. खाजगी क्लास नाही बरं का, ही पब्लिक स्कूलच आहे, फ्लोरिडात राहणाऱ्याला फी नाही. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर सांगलीहून फोनवर पहिला प्रश्न आला, "म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरला का गं?" मी आधी हसले, मग मला वाटलं की आपल्या लोकांच्या मनात नेमकी हीच भीती असते. शाळेत न जाता परीक्षा देणारं मूल म्हणजे काहीतरी बिनसलेलं मूल. तर नाही, तसं नाहीये. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे इथल्या मार्कशीटवर, कोर्स येतो, क्रेडिट येतं, युनिव्हर्सिटीवाले नाक मुरडत नाहीत.

आता प्रकार. इथे काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, तीच स्कूल डिस्ट्रिक्ट, राज्यात अशा 67 काउंट्या, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो कारण तिन्ही गोष्टींना लोक व्हर्च्युअलच म्हणतात. एक म्हणजे एफएलव्हीएस फुल टाइम. त्यात मूल आपल्या नेहमीच्या शाळेतून नाव काढून तिकडे जातं, शाळेचं कॅलेंडर असतं, ऑगस्टला सुरू, डिप्लोमाही तिथलाच. दुसरं फ्लेक्स. म्हणजे मूल आपल्याच शाळेत राहतं आणि एखाददुसरा कोर्स तिकडून करतं, वर्षभरात कधीही सुरू करा. होमस्कूलवालेही फ्लेक्सच घेतात, पण फ्लेक्स डिप्लोमा देत नाही, हे लक्षात ठेवा. आणि तिसरं म्हणजे काउंटीचं स्वतःचं व्हर्च्युअल स्कूल. हिल्सबरोचं आहे, ऑरेंज काउंटीचं आहे, ब्रॉवर्डचं आहे. यातल्या बऱ्याच ठिकाणी कोर्स एफएलव्हीएसचाच असतो पण शिकवणारे टीचर आपल्या काउंटीचे. फ्रँचायझी म्हणतात त्याला, हो, अगदी वडापावच्या गाडीसारखं, मसाला एका ठिकाणचा आणि तळणारा आपल्या गल्लीतला.

आम्ही थोरलीला काउंटीच्याच व्हर्च्युअलला घातलं. कारण सांगते, लपवण्यासारखं काही नाही. एक वर्ष घरात बसल्यावर तिला शाळेच्या कॅफेटेरियात जायची भीतीच बसली होती. पोटात दुखायचं, सकाळी रडायची. डॉक्टर म्हणाले हळूहळू घ्या. मग म्हटलं एक वर्ष घेऊ.

आणि इथे मला ती गोष्ट सांगायचीय जी कोणी विचारत नाही. सगळे विचारतात अभ्यासक्रम कसा आहे, टीचर चांगले आहेत का, मूल मागे पडेल का. कोणी हे विचारत नाही की सकाळी अकरा वाजता घरात कोण असेल. फॉर्म भरताना एक रकाना येतो, लर्निंग कोच. मला वाटलं शाळा देते कोणीतरी कोच. मी बापडी वाट बघत बसले. लर्निंग कोच म्हणजे मी! घरातलं मोठं माणूस, जे बघणार की पोरगी लॉगिन झाली का, पेस चार्टप्रमाणे, म्हणजे कुठल्या आठवड्यात किती काम त्या तक्त्याप्रमाणे, या आठवड्याची असाइनमेंट गेली का, आणि नसेल गेली तर टीचरचा फोन येणार तोही मलाच. मिडल स्कूलच्या मुलीला सात विषयांचे सात पेस चार्ट स्वतःहून सांभाळता येतील असं ज्यांना वाटतं त्यांना माझा नमस्कार, माझ्या मुलीला नाही आलं. ती पहिले दोन आठवडे सुसाट गेली, मग आवडीचे विषय पुढे आणि सोशल स्टडीज तीन आठवडे मागे, आणि मला पत्ता नाही कारण स्क्रीनवर टक्का दिसायचा तो जमा केलेल्या कामाचा, न केलेल्या कामाचा नाही. ऑक्टोबरमध्ये माझ्या लक्षात आलं. त्यात चूक माझीच, कोच झोपला होता.

मी तेव्हा एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून होते, काम करायची परवानगी नव्हती. इंजिनीअरिंगची डिग्री पेटीत आणि मी घरी. आपल्यातल्या किती बायका अशा आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. व्हर्च्युअल स्कूल फुकट आहे असं सगळे म्हणतात, पण ते फुकट असतं कारण घरातलं कोणीतरी फुकट राबत असतं, आणि आपल्या घरांमध्ये ते कोण असतं हे उघड आहे. नवराही घरूनच काम करायचा, पण त्याच्या कॉलला दार बंद, माझ्या कोचिंगला दार उघडं. असो, हा विषय वेगळा आणि तो हे वाचणार आहे.

चांगलं काय, तेही सांगते. डीबीए नावाचा एक प्रकार असतो, एक भाग संपला की टीचर फोनवर मुलाशी बोलते, काय शिकलास ते तोंडी सांग म्हणते. ते झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे भारी आहे, कारण घरी बसून गुगलवरून उत्तरं उतरवणाऱ्या पोराची तिथे दोन मिनिटांत फजिती होते. आमची आधी डीबीएला इतकी घाबरायची की गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसायची, काचा वर करून, फ्लोरिडाच्या उकाड्यात, कारण घरात बाबांचा ऑफिसचा कॉल आणि माझा कुकर. पण वर्गात जी मुलगी कधी हात वर करत नव्हती ती टीचरशी एकटीने पंधरा-पंधरा मिनिटं बोलायला लागली. मार्चपर्यंत तिची ती भीती कुठल्या कुठे गेली. शाळेत राहिली असती तर गेली नसती का, काय माहीत, गेली असतीही.

परीक्षेचं लक्षात ठेवा. राज्याच्या वर्षअखेरच्या परीक्षा घरून होत नाहीत. आम्ही चाळीस मिनिटं गाडी चालवून एका अनोळखी शाळेत गेलो, जिथे तिला कुठलं दार, कुठली खोली काही माहीत नव्हतं, आणि नेमकी कॅफेटेरियातच परीक्षा! आता ती जुनी परीक्षा गेली, 2022-23 पासून फास्ट नावाची नवी परीक्षा आली, वर्षातून तीनदा, तर वर्षअखेरच्या फेरीसाठी दिवस मोकळा ठेवूनच चला. आणि जे मला विचारतात की तीन महिने इंडियाला जाऊन तिथून करता येईल का, त्यांना सांगते, ही फ्लोरिडाच्या रहिवाशांची शाळा आहे, सुट्टीवर गेलात आणि राहायला गेलात यात फरक आहे, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी शाळेकडून लेखी घ्या. आणि वेळेचं गणित करा, थंडीत साडेदहा तासांचा फरक, इथे सकाळचे नऊ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे साडेसात, पाहुण्यांनी भरलेल्या घरात आजीच्या टीव्हीसमोर डीबीए देऊन दाखवा.

आता फ्लेक्स. आपल्या लोकांचं खरं प्रेम फ्लेक्सवर. उन्हाळ्यात जिऑमेट्री उरकून टाकायची, म्हणजे नववीत एक पायरी पुढे. आम्हीही त्याच शर्यतीत, खोटं कशाला बोलू. आठवी संपल्यावर थोरलीने घेतली, प्लॅन आठ आठवड्यांचा, मी फ्रिजवर तक्ता लावला, आणि पहिलं सेमिस्टर संपता संपता जुलै संपला. वर्षभराचा कोर्स आहे हो तो, आठ आठवड्यांत करायचा म्हणजे रोज चार तास, आणि सुट्टीतलं मूल चार तास भूमिती करेल असं फक्त ऑगस्टमध्ये इंडियाहून आलेल्या आजोबांना वाटतं. दुसरं सेमिस्टर हायस्कूल सुरू झाल्यावर ऑक्टोबरपर्यंत लोंबकळत राहिलं, शाळेचे सात विषय आणि वर हा. शिवाय जिऑमेट्रीला राज्याची एंड-ऑफ-कोर्स परीक्षा असते, ती कोर्सच्या शेवटच्या ग्रेडमध्ये धरतात 30 टक्के. तिला बी मिळाला. घाई केली नसती तर ए होता असं मला अजून वाटतं, तिला वाटत नाही.

फ्लेक्सचा खरा उपयोग मला धाकट्याच्या वेळी कळला. इथे हायस्कूलला एक क्रेडिट पीई सक्तीचं, होप म्हणतात त्याला, आरोग्य आणि व्यायाम. पोरं ते उन्हाळ्यात ऑनलाइन करून टाकतात आणि नववीच्या टाइमटेबलमध्ये एक तास मोकळा करतात, बँडला नाहीतर रोबोटिक्सला. हो, पी.टी. ऑनलाइन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही खोटं वाटलं. रोज व्यायाम करायचा आणि लॉग भरायचा, किती वेळ, नाडीचे ठोके किती. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या आठवड्यात कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेला तेही व्यायामात लिहिलं. टीचरने फोनवर विचारलं तर म्हणाला, डबा जड होता.

शाळेतले काउन्सेलर, म्हणजे मुलांचे विषय ठरवायला मदत करणारे, फ्लेक्सला मान्यता द्यायला टंगळमंगळ करतात ही तक्रार पण मला नेहमी ऐकू येते. आमच्याकडेही एकदा तीन आठवडे नुसतं पेंडिंग दिसत होतं. त्यामागे पैसा आहे. एफएलव्हीएसला पैसे मिळतात ते मुलाने कोर्स पूर्ण केला तरच, नुसतं नाव घातलं म्हणून नाही, हे मला तरी आवडतं. पण 2013 मध्ये नियम बदलला, एका मुलामागे सरकारचा एकच वाटा, तो शाळा आणि व्हर्च्युअल यांच्यात विभागायचा. म्हणजे तुमच्या पोराने एक कोर्स बाहेर केला की शाळेच्या ताटातली एक चतकोर गेली. त्यामुळे आढेवेढे. पण कोर्स मुलाच्या योग्यतेचा असेल तर डिस्ट्रिक्टला अडवता येत नाही, कायदाच आहे तसा.

आणि उलटंही घडलंय, शाळेनेच मुलांना व्हर्च्युअलला बसवलं. फ्लोरिडाने 2002 मध्ये घटनेत दुरुस्ती करून वर्गातल्या मुलांची संख्या बांधून टाकली, तिसरीपर्यंत 18, आठवीपर्यंत 22, हायस्कूलला 25. मग 2010 मध्ये मायामी-डेडमध्ये सात हजारांच्या वर मुलांना शाळेतच कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवून ऑनलाइन कोर्स दिले, समोर टीचर नाही, फक्त लक्ष ठेवायला एक माणूस, कारण व्हर्च्युअल वर्गाला ती मर्यादा लागू नव्हती. कित्येक मुलांना पहिल्या दिवशी वर्गात गेल्यावर कळलं. तर व्हर्च्युअल ही नेहमी आपली निवड असते असं नाही, टाइमटेबलमध्ये लॅब लिहिलेली दिसली तर विचारा, तिथे शिकवणारं माणूस आहे का.

मागच्या वर्षी धाकटा पण मागे लागला, मला पण ताईसारखं घरी शिकायचंय. त्याला पायजम्यात अभ्यास करायचा होता, बाकी काही नाही. मी नाही म्हटलं. कारण आता माझं वर्क परमिट आलंय, मी एका डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला आठ ते पाच असते, आणि लर्निंग कोचची ती जागा आमच्या घरात रिकामी आहे. नवरा म्हणाला मी बघेन. मी त्याला फक्त पेस चार्ट म्हणजे काय ते विचारलं. विषय मिटला.

तेव्हा मला फोन कराल तेव्हा मुलाचे ग्रेड नका सांगू, घरी कोण असतं ते सांगा, पुढचं बोलू. फुल टाइमला जायचं असेल तर नाव घालायच्या तारखा ठरलेल्या असतात, आत्ताच बघा, ऑगस्टमध्ये नका उठू. आणि फ्लेक्सचं काउन्सेलरला फोनवर नका विचारू, ईमेल करा, म्हणजे तारीख राहते.